मेलेल्या बायकोच्या बांगड्या

यमनाप्पानं ती दोन केळी खाल्ली, हितंच पैली चूक झाली.

फुकटात केळी कोण कशाला दील, ह्यो इचार माणसाला आधी यायला पायजे. पण मंगळवारी यमनाप्पा शहापूरच्या खडेबाजारात सूत बघायला गेलता, घाईत न्ह्यारी ऱ्हायलीवती, आन समोर एक इस्त्रीच्या कापडातला माणूस स्कूटर थांबवून उतरला. उतरला आन भर रस्त्यात वाकून पाया पडला. हातात दोन केळी ठेवली. "बाबा, रडू नका. देव बघायलाय," म्हणला, सोत्ताचंच डोळं पुसलं आन गेला. यमनाप्पा काय रडत न्हवता. त्यो मोरपंखी सूत उन्हात धरून रंग बघत व्हता. पण केळी चांगली पिकलीवती. खाल्ली.

फुडं सुताच्या दुकानात मालकानं खुर्ची दिली. वीस वर्षांत त्या दुकानात यमनाप्पाला कवा स्टूल बी मिळालं न्हवतं. वडगावच्या कोपऱ्यावर कालेजातल्या दोन पोरींनी लांबनं हात केला आन "हॅपी बड्डे आजोबा" म्हणल्या. आता यमनाप्पाचा वाढदिवस एक जूनला. शाळेत घालताना मास्तरनं सोयीनं लिवलेला, आन त्यो बी आजपातूर कुणी केलेला न्हाय. पण वाढदिवसाचं त्याला काय वाटलं न्हाय. त्यो अडकला "आजोबा"वर.

कारण यमनाप्पा एकसष्ट वर्षांचा हाय. मिशा हायत, त्यास्नी तेल हाय. घरात दोन यंत्रमाग हायत, आन ते चालू असताना रस्त्यापल्याडच्या माणसाला हाक मारून थांबवायचा आवाज हाय. नातू अजून झालेला न्हाय, कारण एकुलत्या एक पोराचं, नागेंद्रचं, लगीनच व्हायचं हाय. निपाणीची पोरगी ठरलेली, प्रियदर्शनी नावाची, आन येत्या रविवारी सुपारी फोडायची व्हती. असा सगळा झ्याक मामला. त्यात ह्या केळ्याचं काय काम?

घरी आला तर कट्ट्यावर हरिभाऊ बसलेला. हरिभाऊ शेजारी. पाणीपट्टीच्या हापिसातनं रिटायर झाला तवापासनं त्याचं अंगठं मोबाइलवर चालत्यात. गल्लीत कुणाच्या घरी काय झालंय ते घरच्यांच्या आधी त्याला कळतंय. त्यानं यमनाप्पाकडं असं बघितलं, जसं दवाखान्यात पेशंटला भेटायला आल्यावर बघत्यात.

"यमनाप्पा, बस. मन घट्ट कर."

"कोण गेलं?"

"कोण न्हाय. म्हंजे, एक गेलंय. पण ते फुडं सांगतो. हे बघ."

मोबाइलमध्ये यमनाप्पा व्हता. घराच्या पायरीवर, बनियनवर, खांद्यावर टॉवेल, डोळ्यांतनं घळाघळा पाणी, तोंड असं वाकडं की बघणाऱ्याचं काळीज हलावं. आन वर मोठ्या अक्षरात लिवलेलं: *सहा मुलं असूनही बेघर बाप. वय ७६. पत्नी वीस वर्षांपूर्वी देवाघरी. आज वाढदिवस, पण एकही शुभेच्छा नाही. एक लाईक बाबांसाठी.* खाली 'मायेची ऊब' असं पानाचं नाव. आन लाइक किती, तर एकतीस हजार.

यमनाप्पानं ते दोनदा वाचलं. शाळा चौथीपातूर झालेली, तरी वाचायला बरोबर येतंय त्याला. तवर त्याची बायको सरोजिनी हात पुसत भाईर आली. ती बी वाकून बघाय लागली.

मग सरोजिनी म्हणली, "मी वीस वर्षं झाली मेलीया, तर सकाळची आमटी कुणी केलती?"

"सरोजा, तू जरा गप."

"मी गपच हाय की, देवाघरी हाय न्हवं का. पण अवो, पोरं सहा म्हणत्यात. एक हितं हाय. बाकीची पाच कुठं ठेवलायसा ते एकदा सांगा."

हरिभाऊ खोकला. आता खरं काय घडलंवतं ते सांगायला पायजे. मागच्या म्हैन्यात एका ऐतवारी करंट गेलता. माग बंद. सरोजिनीनं मिरची भजी केली, यमनाप्पा पायरीवर ताटली घेऊन बसला, आन तिसऱ्या भज्यातली मिरची अशी निघाली की त्याला डोळ्यांफुडं देवाचा गाभारा दिसला. फोटो त्या घडीचा. भज्याची ताटली मांडीवर व्हती, ती खालनं कापलेली. उजव्या बाजूनं पाण्याचा तांब्या फुडं करणारा सरोजिनीचा हात व्हता, त्यो बी कापलेला. कापताना कायतरी चुकलंवतं, म्हणून कडेला तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या तेवढ्या ऱ्हायल्यावत्या. वर लिवलंय बायको वारली, आन खाली बायकोच्या बांगड्या.

"काढला कुणी ह्यो फोटो?" यमनाप्पानं इचारलं.

"कुणाला ठावं," सरोजिनी म्हणली. "मी तर पाणी देत व्हते." आन ती आत गेली. आमटी करपायलीय म्हणाली. आमटी सकाळचीच झाल्याली.

हरिभाऊ लगेच कामाला लागला. हरिभाऊचा सल्ला म्हंजे असा, की आधी आजार वाढतोय, मग त्योच आवषद सांगतोय. "खाली तू सोत्ता लिव," म्हणला. "लोकं डोळं उघडतील." मग यमनाप्पानं सांगितलं आन हरिभाऊनं लिवलं: *हा मी आहे. मी यमनाप्पा, वडगाव, बेळगाव. माझी बायको जिवंत आहे. मला एकच मुलगा आहे व तो चांगला आहे. मी मिरची खाल्ली होती.*

पाच मिनिटांत उत्तरं आली. *बाबा, तुम्ही मुलांच्या धाकानं असं लिहिताय, आम्हाला कळतंय.* दुसरा म्हणतोय, *किती मोठं मन, अजून मुलाला चांगला म्हणतोय.* तिसऱ्या एका बाईनं लिवलं, *बायको जिवंत आहे म्हणतोय. प्रेम असावं तर असं.* ते वाचून तर अजून चारशे माणसं रडली.

"आता काय?" यमनाप्पा म्हणला.

"आता मूळ शोधायचं," म्हणून हरिभाऊनं त्यो फोटो आपल्या अकरा ग्रुपात पाठीवला, खाली लिवलं, 'हा फोटो कुणी टाकला? कळवा.' कळवलं कुणीच न्हाय. फुडं पाठीवला मात्र सगळ्यांनी. दुपारपातूर कन्नडमध्ये एक आला, त्यात वय चौऱ्याऐंशी झालंवतं. चार वाजता हिंदीतला आला. हिंदीत यमनाप्पा ब्याण्णव वर्षांचा आन मिलिटरीतनं रिटायर झाल्याला.

"लढाईवर बी जाऊन आलासा," सरोजिनी आतनंच म्हणली. "मला सांगितलं न्हाय कवा."

हितपातूर यमनाप्पा नुसता चिडलावता. पण सांजच्याला निपाणीचा फोन आला. नागोजी, पोरीचा बाप. माणूस तंबाखूच्या वखारीत मुकादम, बोलणं मोजकं.

"पावणं, मला सगळं म्हाईत हाय. मी तुमच्यात जेवून आलोय. विहीनबाईंच्या हातची भाकरी खाल्लीया. पण माझ्या भावकीला कोण सांगणार? चुलता म्हणतोय, जे पोरगं बापाला भाईर काढतंय, ते आपल्या पोरीला काय नांदवणार. तर रविवारचं जरा थांबूया. त्यो फोटो तेवढा हलला की बघू."

"पण त्यो फोटो खोटा हाय की वो."

"व्हय. पण बघायला मिळतोय न्हवं."

नागेंद्र उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला. त्यो आला तवा त्याचं तोंड उतरल्यालं. कारखान्यात दोघांनी त्याच्याशी बोलणं सोडलंवतं, आन डबा खाताना एकानं आपली चपाती काढून घेतली. त्यानं पायताण काढलं आन म्हणला, "आप्पा, रविवार गेला न्हवं?"

यमनाप्पा उठून उभा ऱ्हायला. "माझं तोंड हाय ते," म्हणला. "माझ्या तोंडावर माझी चालत न्हाय, तर कशावर चालायची? रविवारच्या आत त्यो फोटो खाली येतोय. न्हाय आला तर मिशा उतरवतो." सरोजिनीनं आतनं भांडं आपटलं. मिशांचं तिला चाललं न्हाय.

नागेंद्र म्हणला, ॲपवाल्यांकडं रीतसर तक्रार करायची. केली. ॲप म्हणलं, ह्यो तुम्हीच कशावरनं? आधारचा फोटो टाका. आता आधारवरचा यमनाप्पा कुणासारखाच दिसत न्हाय, यमनाप्पासारखा बी न्हाय. मग ॲप म्हणलं, मोबाइल तोंडाफुडं धरा, डावीकडं बघा, उजवीकडं बघा, पापणी हलवा. यमनाप्पानं सगळं केलं. नवी नवरी बी एवढी मान वळवत न्हाय. उत्तर आलं, चेहरा जुळत नाही.

"आप्पा, फोटोत तुमी रडायलाय," नागेंद्र म्हणला. "हितं रागात हायसा. तसलं तोंड करा की."

"तसलं तोंड करायला मी काय तमासगीर हाय व्हय रं?"

पण रविवार जवळ आलता. सरोजिनीनं गुपचूप कढई ठेवली. घरातली सगळ्यात जहाल मिरची निवडली, भजी तळली आन यमनाप्पानं आपल्याच फोटोसारखं दिसावं म्हणून पायरीवर बनियनवर बसून ती खाल्ली. दुसऱ्याच भज्याला गडी ओळखू यायला लागला. चेहरा जुळला. सोत्ताचं तोंड सोत्ताचं हाय हे पटवायला माणसाला एवढी मिरची खायला लागली, हे कुठंतरी लिवून ठेवायला पायजे.

बुधवारी सकाळी ॲपचं उत्तर आलं. *आम्ही तुमची तक्रार तपासली. या फोटोत नियमाविरुद्ध काही नाही. तुम्हाला बघायचा नसल्यास हे पान ब्लॉक करू शकता.*

यमनाप्पानं ते नागेंद्रकडनं तीनदा वाचून घेतलं. "म्हंजे," म्हणला, "मीच माझ्याकडं बघू नको म्हणायलाय त्यो."

मग चौकी. हरिभाऊ संगं आलाच. चौकीतला हवालदार मायाळू निघाला, आन तेच वाईट झालं. उठून उभा ऱ्हायला, "कुंद्री अज्जा, कुंद्री," म्हणून हाताला धरून यमनाप्पाला खुर्चीत बसवलं. त्याच्या मोबाइलात बी फोटो पोचलावता. कन्नडातला, चौऱ्याऐंशीवाला.

"अज्जा, पैसे किती गेले?"

"पैसे न्हाय गेले. तोंड गेलं."

हवालदारानं नीट बघितलं. "तोंड जाग्यावर हाय की. धमकी आली?"

"न्हाय. केळी आली."

"कपडे नसलेला फोटो हाय?"

"बनियन हाय."

"मग अवघड हाय बघा. हितं रकाना न्हाय त्याला." त्यानं लई हळहळून फॉर्म उलटापालटा केला. "तरी असं करा, अर्ज कन्नडात लिवून आणा, संगं फोटोच्या तीन रंगीत प्रती जोडा. बघतो काय हुतंय."

रंगीत प्रती काढायला कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदारानं बाबांकडनं काय घेणार न्हाय म्हणून सांगितलं, तीन प्रती दिल्या, आन चौथी काढून काचेखाली लावली. "रंग लई सुरेख आलाय," म्हणला, "गिऱ्हाइकाला दाखवायला बरं." आता फोटो मोबाइलात तर व्हताच, वर कोर्टाजवळ येणाऱ्याजाणाऱ्याला बी दिसाय लागला. यमनाप्पानं काचेखालचा कागद ओढून काढला आन खिशात घातला. दुकानदार म्हणला, असू द्या बाबा, फाइल कम्प्युटरमध्ये हाय.

गुरुवारी यमनाप्पानं माग लावला न्हाय. धोटा हातात घेऊन नुसता बसून ऱ्हायला. हरिभाऊ म्हणाला, वकील करू. नागेंद्र म्हणाला, आपणच दुसरा व्हिडिओ काढून टाकू. सरोजिनी मोबाइल नाकाजवळ धरून बसलीवती. तीन दिवस हे तीन बाप्ये पळत व्हते, आन ती एकच गोष्ट खालीवर करून बघत व्हती.

"अवो," म्हणली, "हितं खाली नंबर हाय की. जाहिरातीसाठी संपर्क. आन दुकानाचा पत्ता बी हाय. निपाणीत, स्टँडाच्या मागं."

हरिभाऊनं मोबाइल घेतला, बघितला, परत दिला. "ते मी बघणारच व्हतो," म्हणला.

शुक्रवारी सकाळी यमनाप्पा आन सरोजिनी निपाणीच्या बसला बसली. हरिभाऊला घरी ठेवला, तशी अटच घातली सरोजिनीनं. हत्तरगी टोलनाक्याच्या आत कंडक्टर तिकिटं फाडत आला. बायकांना तिकीट फुकट, म्हणून सरोजिनीनं आधार फुडं केलं. कंडक्टरनं यमनाप्पाकडं बघितलं आन ओळखलं. मग हळूच इचारलं, "अज्जा, ह्या कोण?"

"बायको."

कंडक्टरनं आधार बघितलं, सरोजिनीकडं बघितलं. "बरं केलं अज्जा. ह्या वयात आधार लागतोच. दुसरी व्हय?"

यमकनमर्डीपातूर सरोजिनी खिडकीतनं भाईर बघत व्हती, आन यमकनमर्डी मागं पडल्यावर म्हणली, "पैलीपरास बरी हाय न्हवं मी?"

दुकान सापडलं. मोबाइलचं कवर, चार्जर, काचा बसवून मिळतील. गल्ल्यावर आदर्श नावाचा मालक, तिशीतला, कपाळाला गंध, बोलणं मधासारखं. त्यानं ओळखलं आन हात जोडले.

"काका तुमी? या की, बसा. काका, तुमच्या फोटोला सत्तेचाळीस हजार लाइक झाले. किती लोकांनी आपल्या आईबापाला फोन केले म्हाईत हाय का? मोठं पुण्य लागलंय तुमास्नी."

"ते पुण्य तू ठेव. फोटो काढ."

"तसं कसं काका. नेटवर आला की त्यो सगळ्यांचा झाला. आन मी चोरलेला न्हाय हां. माझ्या आईला तिच्या मैतरणीनं पाठीवला, तिला काकींच्या बहिणीनं. मुळात आलाय कुठनं सांगू?" त्यानं मोबाइलवर बोट फिरवून जुना फोटो काढला. न कापलेला. ताटली, भजी, तांब्या, हात, सगळं व्हतं. वर लिवलंवतं, *आमचे हे. मिरची जिंकली.* आन एक लाल बदाम. "काकींचंच स्टेटस हाय की हे. नंबर बघा."

यमनाप्पानं बघितलं. एका हातानं तांब्या फुडं केलावता, म्हंजे दुसऱ्या हातानं मोबाइल धरलावता. तीन दिवस त्यो फोटो काढणाऱ्याला शिव्या देत व्हता, आन शिव्या देऊन झाल्या की त्याच बाईच्या हातचा चहा पीत व्हता. त्यानं सरोजिनीकडं बघितलं. ती चार्जर बघाय लागली. जल्मात चार्जरकडं एवढ्या मन लावून कुणी बघितलं नसंल.

"तुमी झ्याक दिसत व्हता," ती चार्जरलाच म्हणली. "म्हणून लावला. एक दिवसात जातोय म्हणत्यात त्यो."

"बघा काका," आदर्श हसला. "घरातनंच भाईर आलाय."

हितं दुसरा कोण असता तर मान खाली घालून बस धरली असती. आदर्शला बी तेच वाटलंवतं. पण यमनाप्पानं टॉवेल खांद्यावर नीट केला.

"हिला मी काय बोलायचं ते घरी बोलीन," म्हणला. "पण तू ऐक. हिच्या फोटोत मी मिरची खायलोय आन बायको पाणी द्यायलीय. तू भजी काढलीस, पाणी काढलंस, बायको मारलीस, वर पाच पोरं घातलीस. मग माझं ऱ्हायलं काय त्यात? काढतोस का न्हाय?"

"न्हाय जमणार काका. एवढा चाललेला फोटो कोण काढतंय."

"बरं."

यमनाप्पा दुकानातनं भाईर आला आन दुकानाच्या पायरीवर बसला. सदरा काढला, घडी करून बाजूला ठेवला. बनियनवर बसला. सरोजिनीला म्हणला, "समोरच्या गाड्यावरनं मिरची भजी आण. सांग त्याला, दया करू नको."

सरोजिनीनं आणली. हातात पाण्याची बाटली बी आणली, पण बाजूलाच धरून ऱ्हायली. निपाणीची मिरची बेळगावच्या मिरचीची थोरली भण हाय. पैल्या घासाला यमनाप्पाचे कान लाल झाले. दुसऱ्याला पाणी आलं. तिसऱ्याला त्यो हुबेहूब फोटोतला झाला, नुसतं वर लिवायचं बाकी ऱ्हायलं.

त्याच वक्ताला विडीच्या कारखान्यात पुडे देऊन बायका परतत व्हत्या. विडी वळणाऱ्या निपाणीच्या बाया. मालकाच्या दारात बसून हक्क काढणाऱ्या, त्यांच्या नादाला गावात कोण लागत न्हाय. म्होरली थांबली. अंजनी तिचं नाव, चांगली उंचपुरी.

"ह्यो त्योच की गं," म्हणली. "मोबाइलमधला म्हातारा."

"खरंच की. अगं बाई, हितं कसा?"

"दारात बसलाय बघ. बनियनवर. रडायलाय."

अंजनीनं पायरीवरच्या यमनाप्पाकडं बघितलं, मग गल्ल्यावरच्या आदर्शकडं बघितलं, आन तिला सगळं कळलं. जे कळलं ते सगळं चुकीचं व्हतं, पण बाई ठाम झाली. दुकानात चढली.

"तर तू व्हय रं त्यो. भाड्या, बापाला पायरीवर बसवतोस आन सोत्ता फॅनखाली बसतोस?"

"मावशी, ह्यो माझा बाप न्हाय."

"ऐका गं. बाप न्हाय म्हणायलाय."

"दारातच म्हणायलाय. लाज बघ जरा."

"सहा पोरातला हा कितवा गं?"

"धाकटा असंल. धाकटीच असली निघत्यात."

"अहो मावशी, खरंच न्हाय. ते सहा पोरांचं मीच लिवलंय, खोटं हाय ते."

"खोटं लिवलंस? मग खरी किती? सात?"

बघता बघता पंचवीसभर माणसं जमली. भज्यावाला गाडा सोडून आला. कुणीतरी म्हणलं, ह्याच्या आईला मी वळखतो, बाईला वीस वर्षं झाली म्हणत्यात वारून, कालच बाजारात दिसलीवती. मग बायकांनी मोबाइल काढले. एकदम चौदा मोबाइल आदर्शच्या तोंडाफुडं आले. "वर बघ," एकजण म्हणत व्हती. "वर बघ की, लोकास्नी कळू दे बापाला हाकलणारा कसला असतोय." आदर्शनं चार्जरच्या पाकिटानं तोंड झाकलं. पाकिटाच्या आडनं त्यानं यमनाप्पाकडं बघितलं.

"काका. सांगा की ह्यास्नी. मी तुमचा पोरगा न्हाय म्हणून सांगा."

यमनाप्पानं चौथं भजं उचललं. डोळं वाहत व्हते, नाक वाहत व्हतं. "कशाला सांगू?" म्हणला. "नेटवर आलास की तू सगळ्यांचा."

"काका, पाया पडतो."

"पाया नको पडू. कालपरवा लई लोक पडल्यात. फोटो काढ."

आदर्शनं मोबाइल घेतला. मराठीतला काढला. यमनाप्पानं सरोजिनीला चष्मा दिला, तिनं जवळ जाऊन बघितलं. "कन्नडातला?" म्हणली. तो बी ह्याचाच निघाला, तो काढला. "आन लढाईवाला?" हिंदीतला बी काढला. मग यमनाप्पा म्हणला, आता लिव. आन त्यानं सांगितलं, आदर्शनं लिवलं: *काल टाकलेला बाबांचा फोटो खोटा होता. त्यांची बायको, मुलगा व मिशा सर्व ठीक आहेत. आदर्श.* 'काल' न्हवे, मंगळवार, असं सरोजिनीनं दुरुस्त करून घेतलं.

मग यमनाप्पानं बाटलीतलं पाणी पिलं, गटागटा, सगळं. सदरा घातला, आन बायकांस्नी म्हणला, "ह्यो माझा पोरगा न्हाय. माझा पोरगा उद्यमबागेत कामाला हाय, चांगला हाय. ही माझी बायको. मेलेली न्हाय."

गर्दीला हे पचायला जरा येळ लागला. अंजनीनं सरोजिनीचा हात धरून बांगड्या बघितल्या. "ह्याच की गं त्या कडेच्या," म्हणली. "मी म्हणतच व्हते, ह्या कुणाच्या."

"आता ह्याचे फोटो काढा," यमनाप्पा म्हणला.

"काढलेत की. चांगले आलेत."

"तसं न्हवं. पुसा. चौदाच्या चौदा."

"अवो मामा, ह्यानं तुमचं एवढं केलं आन तुमी..."

"ह्याला इचारलंवतं का काढताना? न्हाय न्हवं? मग मी ह्या दुकानात कुठल्या तोंडानं भांडलो?" आन त्यो तिथंच उभा ऱ्हायला. एकेक मोबाइल हातात घेऊन, सरोजिनीला दाखवून, पुसून घेतल्याशिवाय एका बाईला हलू दिलं न्हाय. तेरा पुसले. अंजनीनं आपला फुडं केला न्हाय. "ह्यो ऱ्हाऊ दे मला," म्हणली. तिच्याफुडं त्यो तसाच हात पसरून उभा ऱ्हायला, डोळ्यांतनं पाणी गाळत, शेवटी ती कंटाळली आन तिनंच पुसला.

गर्दी पातळ व्हतीया तवर नागोजी आला. स्कूटरवर मागं त्याचा चुलता बसवलावता, भावकीतला त्योच तो. गावात बातमी गेलती की बेळगावचं पावणं स्टँडामागं रडायल्यात. चुलत्यानं उतरून सगळीकडं बघितलं. भज्याची रिकामी ताटली बघितली. सरोजिनी बघितली. आदर्शला बघितलं, त्यो गल्ल्याखाली बसलावता.

"म्हंजे ही भजी व्हती व्हय?" म्हातारा म्हणला.

"व्हय."

"एवढी तिखट?"

"एक शिल्लक हाय. बघा."

म्हाताऱ्यानं खाल्लं. मग डोळं पुसत म्हणला, "नागोजी, रविवारचं ठरव."

रविवारी सुपारी फुटली. सुपारीत नागेंद्रच्या अन् प्रियदर्शनीच्या समोर पंधरा मोबाइल वर झाले तवा यमनाप्पा मधी उभा ऱ्हायला आन ज्यानं त्यानं आधी इचारायचं म्हणाला. लोक हसले. पण इचारलं. प्रियदर्शनीनं दोघांना न्हाय म्हणून सांगितलं, आन यमनाप्पाला सून पसंत पडली.

फोटो मात्र संपूर्ण गेलेला न्हाय बरं का. परवाच कुणीतरी हरिभाऊला पाठीवला, तेलुगूत, वय आता शंभर झालंय. यमनाप्पा जिथं दिसंल तिथं खाली लिवून घेतोय, बायको जिवंत आहे. लोक रडत्यात. त्यो परत लिवतोय.

घरी आल्यावर सरोजिनीशी काय बोलायचं ऱ्हायलंवतं, ते तो आठवडाभर बोलला न्हाय. मग एका दुपारी करंट गेला. पायरीवर भजी आली. ती समोर येऊन उभी ऱ्हायली, मोबाइल वर केला न्हाय, नुसता हातात धरला.

"काढू?"

यमनाप्पाला एकसष्ट वर्षांत हे कुणी इचारलं न्हवतं. त्यानं सावकाश मिशा नीट केल्या. टॉवेल झटकला. रस्त्यावर एकदा बघून घेतलं.

"एकट्याचा न्हाय. तू बी ये. आन ताटली दिसू दे."

ती बाजूला बसली. हात लांब करून तिनं फोटो काढला, त्यात दोघं व्हती, बांगड्या व्हत्या, भजी व्हती. तिनं त्यो लई येळ बघितला.

"झ्याक आलाय वो. लावू?"

"न्हाय," यमनाप्पा म्हणला, आन भजं तोंडात टाकलं.